पाणी कुठं मुरतंय? भांडणांवर पीएचडी करणारी भाची आणि एक पाट

पाटकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज लिहितोय.

माझी भाची शांतता आणि संघर्ष या विषयात पीएचडी करते. दिवाळीला मनीषनगरात आमच्याकडे सगळे जमले होते. तिच्या काकांनी चिवड्याची वाटी पुढे ओढत विचारलं, "म्हणजे शिकून काय करणार, तंटामुक्ती समितीत बसणार?" सगळे हसले, मीही हसलो. तिनं मात्र जेवणं झाल्यावर मला बाजूला घेतलं. "मामा, तुमच्या जुन्या पाटाचे नकाशे आहेत का?"

मी सिंचनात एकतीस वर्षं काढली. वैनगंगेच्या खोऱ्यातला एक मध्यम प्रकल्प (नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथेच आहेत), त्याची एक लघुवितरिका (कालव्याचा छोटा फाटा), तिच्यावर अकरा आउटलेट (शेतात पाणी सोडायची दारं). नव्वदच्या दशकात मातीच्या या पाटाला सिमेंटचं अस्तरीकरण केलं ते मी स्वतः उभं राहून. गळती कमी होणार, टेलच्या, म्हणजे पाटाच्या टोकाकडच्या, शेवटच्या शेतापर्यंत पाणी जाणार, असं अंदाजपत्रकात लिहिलं होतं. ते लिहिणाराही मीच.

पाणी गेलं नाही. उलट हेडला, म्हणजे पाटाच्या सुरुवातीला, उन्हाळी धान वाढला आणि टेलला लाखोळीच्या डाळीशिवाय काही उरलं नाही. आठव्या नंबरच्या खाली रब्बीत पाणी पाहिलेली माणसं आता म्हातारी झालीत. मधल्या काळात दोनदा डोकी फुटली, एकदा पोलीस केस झाली. आमच्या फायलीत या सगळ्याला एकच शब्द होता, "अनधिकृत उपसा".

नोव्हेंबरात भाचीला घेऊन गेलो. मी सवयीने प्रत्येक आउटलेटवर थांबून सांगत होतो, इथे इतके क्युसेक, तिथे तितके. तिनं ते लिहूनही घेतलं नाही. प्रत्येक ठिकाणी जो भेटेल त्याला एकच विचारायची, "रात्री हे गेट कोण उघडतं?" आठ नंबरला गेटाच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं होतं, पाणी खाली झिरपू नये म्हणून. कुलूप होतं, किल्ली कोणाकडेच नव्हती. माझ्या काळात मी ते लुगडं काढून फेकलं असतं आणि पंचनामा केला असता. ती तिथेच बांधावर बसली आणि शेजारच्या बाईशी तासभर बोलली.

बोलण्यातून निघालं ते असं. माती-पाटाच्या काळात दरवर्षी पाणी सुटायच्या आधी टेलची गावं फावडी-घमेली घेऊन हेडला यायची. गाळ काढायला हेडवाल्यांची माणसं पुरत नसत आणि खात्याकडे दुरुस्तीला पैसे नसत. दुपारचं जेवण हेडच्या गावात. अर्थात, ज्याच्या हातचं जेवलो त्याच्या धानाचं पाणी तोडायला जीव धजायचा नाही, आणि तोडलं तर पुढच्या वर्षी गाळ कोण काढणार? मी अस्तर केलं, गाळ साचायचा थांबला आणि टेलच्या माणसांची गरजच संपली.

परतीच्या वाटेवर गाडीत तिनं सांगितलं की नेपाळात एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि तिच्या सहकाऱ्यांनी शंभरावर सिंचन व्यवस्था तपासल्या, तिथे हेच आढळलं. शेतकऱ्यांनी चालवलेल्या कच्च्या पाटांवर टेलला पाणी मिळण्याचं प्रमाण सरकारी पक्क्या पाटांपेक्षा चांगलं होतं. पक्का बंधारा झाला की वरच्यांना खालच्यांच्या श्रमाची गरज राहत नाही, सौदाच मोडतो. ऑस्ट्रॉमबाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माझा पाट त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीच बिघडला होता.

तर प्रश्न असा. भांडणाचा अभ्यास आधी झाला असता तर आमचं अंदाजपत्रक बदललं असतं का? की हे सगळं नंतर सुचणारं शहाणपण? अनुभव असेल त्यांनी लिहा.

---

तर्रीदार

काका, म्हंजे शिमेंट टाकलं म्हून भांडण लागलं? मंग आता शिमेंट काढाचं का? 😀 बाकी लुगड्याचा किस्सा लय भारी. वाचनखूण साठवली.

---

पाटकरी

@तर्रीदार, काढायची गरज नाही, आपोआप निघतंय. बारा ठिकाणी अस्तर फुटलंय, आत बेशरम उगवलीय. भाचीला ते पाहून इतका आनंद झाला की मला रागच आला. त्याचं कारण पुढे लिहितो.

---

झिरोमाईल

लेख आवडला, निष्कर्ष नाही. एका पाटावरून एवढी उडी मारू नये.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं काढली. त्यातलं १६ वं शांतता, न्याय आणि सक्षम संस्था. माझ्या मते ते शोभेपुरतं आहे. आधी रस्ता, वीज, रोजगार. पोटात अन्न गेलं की माणूस भांडत नाही. जर्मनी-जपान युद्धानंतर उभे राहिले ते कारखान्यांवर, कोणाच्या प्रबंधावर नाही. आणि या संशोधनाचा सगळा कारभार ऑस्लो, स्टॉकहोम, उप्सालात. जिथे शंभर वर्षांत गोळी सुटली नाही तिथे बसून आपल्याला शांतता शिकवणार!

---

सावलीतला

ऑस्लोवर १९४० साली जर्मन फौजा आल्या होत्या हो. गोळी न सुटायला काय झालं.

---

झिरोमाईल

बरं, ऐंशी वर्षांत म्हणा. मुद्दा तोच.

---

बोडीकाठ (नवीन सदस्य)

मीच ती भाची. मामांनी धागा काढलाय हे आईकडून कळलं, म्हणून खातं उघडलं. मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

झिरोमाईल सर, "आधी रस्ता मग शांतता" हे तपासून पाहिलं गेलंय आणि उत्तर सरळ आलेलं नाही. फिलिपाइन्समध्ये गावोगाव विकासनिधी देणारी मोठी योजना होती. गावं पात्र ठरवायला गरिबीची एक रेघ आखलेली. रेघेच्या जरा अलीकडची आणि जरा पलीकडची गावं बाकी सारखीच, त्यामुळे तुलना चोख करता आली. जिथे योजना आली तिथे हिंसा वाढली, तीही काम सुरू व्हायच्या आधीच्या टप्प्यात. योजना यशस्वी झाली तर लोक सरकारकडे वळतील, म्हणून बंडखोरांना ती आधीच मोडायची होती. हा निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आला. पैसा वाईट होता असं त्यातून निघत नाही. कोणाचं काय जाणार हे न पाहता तो ओतला गेला, एवढंच.

उलट उदाहरण आपल्याकडचं. थिएमो फेत्झर या अर्थशास्त्रज्ञाने रोजगार हमीचा अभ्यास केला. त्याआधी पाऊस कमी झाला की मजुरी पडायची आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत हिंसा वाढायची. राष्ट्रीय रोजगार हमी लागू झाल्यावर पाऊस आणि हिंसेची ही साखळी बरीच सैल झाली. म्हणजे तुमचा "पोटात अन्न" हा मुद्दा बरोबरच आहे सर, पण अन्न कधी पोचलं यावर सगळं आहे. दुष्काळ पडल्यावर घोषणा झालेलं पॅकेज आणि पाऊस हुकताच दुसऱ्या आठवड्यात मिळालेलं काम यांत फरक आहे.

आणि जागतिक बँकेनेच २०११ मध्ये मांडलं होतं की कमी उत्पन्नाच्या संघर्षग्रस्त देशांपैकी एकालाही तोवर सहस्रक विकास उद्दिष्टांपैकी एकही गाठता आलं नव्हतं. एकही नाही. म्हणून २०१५ च्या यादीत १६ वं उद्दिष्ट आलं. ते शोभेचं राहिलंय का, यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार नाही.

ऑस्लोबद्दल एक अवांतर. तिथली शांतता संशोधन संस्था १९५९ मध्ये योहान गाल्टुंग यांनी सुरू केली, आणि त्याआधी १९५५ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्याबरोबर गांधींच्या राजकीय नीतीवर लिहिलं होतं. म्हणजे माल सेवाग्रामचा, पॅकिंग नॉर्वेचं.

---

तर्रीदार

"माल सेवाग्रामचा, पॅकिंग नॉर्वेचं", घ्या! पोट्टी हुशार हाय काका.

---

मोहफूल

मी गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात सात वर्षं शिक्षक होतो, आता बदलीने नागपुरात. फिलिपाइन्सचं वाचून जांभूळखेडा आठवलं. १ मे २०१९. आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं जाळली, दुपारी तिकडे निघालेल्या पोलिसांच्या गाडीखाली स्फोट झाला. पंधरा पोलीस आणि चालक गेले. शाळेत मुलं रस्त्याचं चित्र काढायची तर त्यावर काळी गाडी काढायची, बरेच महिने. रस्ता सगळ्यांनाच हवा होता हे मी शपथेवर सांगतो. बाळंतिणीला खाटेवर टाकून नेणाऱ्यांना विचारा. पण रस्ता कशासाठी येतोय, दवाखान्यासाठी की खाणीसाठी, हे गावात आधी कोणी बसून बोललं नव्हतं. दोन्हींसाठी असेल तर तसं तरी सांगायचं.

आता दुसरी बाजू. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे, पण तिथला अभ्यासगट फारसा कोणाला माहीत नाही. गावातली माणसं आणि बाहेरचे मित्र एकत्र बसून एकेक विषय फोडायचे. जंगल कोणाचं, कायदा काय म्हणतो, बांबू किती निघतो. अभ्यासगटात निर्णय होत नसे, तो ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. एक माणूस जरी "नाही" म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला. तिथले पुढारी देवाजी तोफा यांना मी एकदा ऐकलंय. इतकं सावकाश बोलतात की आपल्यालाच घाई झाल्याची लाज वाटते.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली मेंढाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना मिळेना. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर बांबू विकून गावाने स्वतःच्या जंगलात स्वतःची मजुरी काढली. भोवती सगळा संघर्ष धुमसत असताना हे झालं. याला संशोधन म्हणायचं का? पदवी कोणालाच मिळाली नाही.

---

झिरोमाईल

मेंढा-लेखा अपवाद आहे. अपवादावर धोरण होत नाही.

---

मोहफूल

अपवाद आहे खरा. पण सामूहिक वनहक्क मिळालेली गावं गडचिरोलीत आज शेकड्यांनी आहेत. तेंदूपानाचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभा आहेत. सगळं गोड चाललंय असं नाही. काही ठिकाणी कंत्राटदाराने पैसे बुडवले, काही ठिकाणी अध्यक्षानेच. पण भांडण आता हिशेबाच्या वहीवर होतं.

---

महालकर

धागा पाण्यावरून जंगलात गेलाच आहे, मी शहरात आणतो.

१७ मार्च २०२५ च्या रात्री आमच्याकडे नागपुरात जी दंगल झाली तिची कारणं इथे चघळू नका, नाहीतर संपादक धागा बंद करतील. मला त्यानंतरच्या कर्फ्यूबद्दल सांगायचंय. माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान. एप्रिलच्या मुहूर्तांच्या ऑर्डरी ऐन रंगात. मशीनमन मोमीनपुऱ्यातून येतो, चौदा वर्षं झाली. त्याला येता येईना, मला जाता येईना. शटर उघडलं तेव्हा रोलरवरची शाई वाळून पापडासारखी झाली होती. शाई खरवडायला एक दिवस, ऑर्डरी फिरल्या त्या वेगळ्याच. हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापला गेला. त्याची तर रोजंदारीच बुडाली. विकासदर की काय म्हणतात तो असा रोलरवर वाळतो.

त्यानंतर एका पत्रकार मित्राने राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १९५० ते १९९५ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद काढली, तर दंगलीतल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे केवळ आठ शहरांतले. खेड्यांत चार टक्क्यांहूनही कमी. मग त्यांनी जोड्या लावल्या, अलीगढ आणि कालिकत अशा. लोकसंख्येचं प्रमाण सारखं, एक पेटतं, दुसरं नाही. फरक कुठे? खेड्यात रोजचा शेजार पुरतो, शहरात तो पुरत नाही. शहरात दोन्हीकडची माणसं एकाच व्यापारी संघात, युनियनमध्ये, क्लबात असतील तर अफवा आली की लगेच फोन फिरतात, कारण दुसऱ्या दिवशी दोघांचाही माल अडकणार असतो.

आपल्याकडे सणाआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा, पारले, तेच आठ चेहरे, फोटो. मी तीनदा गेलोय. त्यात माझ्या गल्लीतला एकही पोट्टा नव्हता. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर काही वर्षांनी सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यात साधी माणसं होती, आणि १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आता आम्ही छपाईवाल्यांनी आमचा दोन्हीकडचा ग्रुप केलाय. सध्या त्यावर कागदाच्या भावाशिवाय काही येत नाही. त्यातच बरं आहे.

---

सावलीतला

+१. शेवटचं वाक्य फार आवडलं.

---

तर्रीदार

पाण्यावरून एक विचारतो. २०१९ च्या जुलैत आपल्याकडं नळ एक दिवसाआड झाले होते, पेंचवरचं तोतलाडोह धरण कोरडं पडलं होतं. तवा सारे म्हणून राहिले होते का वरती एमपीनं चौराईले धरण बांधलं म्हून आपलं पेंचचं पाणी गेलं. पुढचं महायुद्ध पाण्यावरून होईन, असं व्हॉट्सअॅपवर रोज येते. बोडीकाठ ताई, खरं हाय का हे?

---

बोडीकाठ

दादा, यावर आकडे आहेत. आरन वुल्फ आणि त्यांच्या गटाने १९४८ ते १९९९ मधल्या, दोन किंवा जास्त देशांतून वाहणाऱ्या नद्यांवरच्या १,८३१ घटना गोळा केल्या. दोन तृतीयांश घटना सहकार्याच्या निघाल्या. प्रत्यक्ष हिंसा झाली अशा केवळ ३७, आणि त्यातल्या ३० एकट्या इस्रायल आणि शेजाऱ्यांमधल्या. महायुद्धाचं व्हॉट्सअॅप पुढे पाठवू नका.

मला जास्त कामाचं वाटतं ते वेगळंच. हवामान, लोकसंख्या, टंचाई यांपैकी कशानेही भांडण नीट भाकीत होईना. झालं ते यानं की नदीत बदल किती झपाट्याने झाला आणि तो पचवायला करार किंवा संस्था होती का. धरण उभं राहतं, बोलण्याची जागा मात्र नसते, तिथे ठिणगी. पेंचला लावून बघा. वरचं धरण एका रात्रीत उगवलं नव्हतं. आपण टाकी कोरडी पडल्यावर ओरडलो.

मामांचा पाट याचंच छोटं रूप आहे. आणि त्याहून जुनं म्हणजे आपले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. (हो, मामा तलाव. घरी यावरून माझी खूप टर उडते.) भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली ते चांगलंच झालं, पण तलाव सरकारकडे आले आणि पाळ दुरुस्त करायला गाव जमायचं ते थांबलं. आता धानवाल्यांना तलावातलं पाणी सुटायला हवं, ढिवरांना मासोळीसाठी ते राहायला हवं. बैठकीत धानवाले बोलतात, ढिवर मागे उभे असतात. गाळ काढायचा निधी येतो, पोकलेन येतं, उथळ काठावरची पाणवनस्पती उपसून टाकतं आणि मासोळी अंडी घालायची जागा जाते. तलाव खोल झाला, योजना यशस्वी, ढिवर पोटासाठी नागपूरला बांधकामावर. पोलीस केस नाही, डोकं फुटलं नाही, म्हणून कुठल्याही नोंदीत हा संघर्ष नाही. उप्साला विद्यापीठाची संघर्षांची नोंद तर वर्षात २५ मृत्यू झाल्याशिवाय सुरूच होत नाही. गाल्टुंग १९६९ मध्ये याला संरचनात्मक हिंसा म्हणाले, म्हणजे व्यवस्थेच्या रचनेतूनच होणारी. अठराव्या शतकात कोणी क्षयाने गेला तर ती हिंसा नाही, पण आज औषध असताना गेला तर आहे, असं त्यांचं उदाहरण होतं.

---

झिरोमाईल

संरचनात्मक हिंसा म्हणजे सगळंच हिंसा. मग उरलं काय? माझं घर पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, ही पण हिंसा का? पण फेत्झर आणि पाटाचं पटलं, ते मागे घेतो. माझा खरा राग वेगळा आहे. माझ्या सासुरवाडीच्या गावात (गोसीखुर्द धरणाच्या बुडितातलं, आता पुनर्वसनात) आजवर पाच प्रश्नावल्या येऊन गेल्या. सासरे दरवेळी चहा करतात, जमिनीचा जुना गट नंबर सांगतात. १९८८ ला पायाभरणी झालेल्या धरणाचं अजून ते बोलतात. पाचांपैकी एकानेही परत येऊन काय निघालं ते सांगितलं नाही. तुमचा विषय विकासाला मदत करतो म्हणता, आधी त्या सासऱ्यांना एक झेरॉक्स तरी पाठवा.

---

बोडीकाठ

सर, लिफ्टबद्दल हसले. झेरॉक्सबद्दल नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मीही आतापर्यंत दोन गावांत तेच केलंय. तिसऱ्यात नकाशा घेऊन परत गेले, तर त्यांनी तीन चुका काढल्या. त्या आधी कळल्या असत्या तर एक प्रकरण वेगळं लिहिलं असतं.

---

पाटकरी

फुटलेल्या अस्तराचं कारण सांगायचं राहिलं. भाचीचं म्हणणं, अस्तर फुटलं म्हणजे गाळ परत आला, म्हणजे हेडवाल्यांना पुन्हा टेलच्या हातांची गरज आहे. खात्याकडून दुरुस्तीला निधी यायच्या आत पाणीवापर संस्थेत सौदा करून घ्या. साफसफाई चारही गावांनी करायची आणि पाळी टेलकडून सुरू. (टेल ते हेड हा नियम आमच्या पुस्तकात पहिल्यापासून आहे. पुस्तक कपाटात आहे.) मी सचिवांशी बोललो. ते म्हणाले, "साहेब, तुमीच ते शिमेंट केलं होतं ना?" पुढे बोलणं जरा अवघड झालं. पण बैठक लागली.

---

तर्रीदार

मंग काका? काय झालं पुढं? धागा वर काढतो.

---

पाटकरी

परवा जाऊन आलो. टेलच्या दोन गावांतून चाळीस जण येणार होते, तेवीस आले. हेडकडून अठरा. बेशरम उपटली, गाळ निघाला, जेवण हेडच्या गावात. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी. पंगतीत पाणी सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलणं झालं. रात्री नऊला पाणी सोडलं. मी पाचव्या नंबरला टॉर्च घेऊन उभा होतो, एकतीस वर्षांत रात्री तिथे कधी गेलो नव्हतो.

सकाळी नऊ नंबरपर्यंत पाणी आलं. दहा आणि अकरा कोरडे. आठ नंबरला लुगडं नव्हतं, गेटाखाली वीट होती. नवी, भट्टीची.

---

बोडीकाठ

मामा, वीट कोणाची ते विचारलंत, की काढून फेकलीत?